कडा सोडून

महाडच्या शाळेत शिकवायला जाताना नाते गावाच्या रस्त्यावर सायकलवरून जाणारी एक बाई मला रोज दिसायची. पदर कमरेला खोचलेला, मागे कॅरिअरवर गणवेशातली मुलगी. रस्त्याची कडा सोडून ती चांगली आतून सायकल चालवायची. मागे डंपर हॉर्न वाजवत राहायचा, पण तिचं हँडल हलायचं नाही.

एकदा चेन बसवायला ती थांबली, तेव्हा स्कूटर थांबवून मी म्हटलं, "अहो, कडेने चालवा ना. मुलगी आहे मागे."

"कडेनंच चालवीत होते, बाई. डंपरनं सायकल गटारात ढकलली, पोरीचा हात मोडला. आता मी समोरच दिसते, त्याला ब्रेक दाबावाच लागतो. रस्ता माझा पन हाय!"

हात पुसून ती निघाली.

माझी मुलगी वर्षभर सायकल मागत होती आणि रस्ता वाईट म्हणून मी नाही म्हणत होते. त्या संध्याकाळी आम्ही दोघी सायकलच्या दुकानात गेलो.