टाकीत न गेलेलं मीठ

“हा बघा आपल्या वर्गातला शास्त्रज्ञ.”

सरांनी माझा पेपर सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मी फळ्याजवळ उभा होतो, वर्गाकडे तोंड करून. तसंच उभं राहायला सांगितलं होतं. सांगलीतलं इंजिनीअरिंग कॉलेज, दुसरं वर्ष, विषय उपयोजित गणित. चाचणीचे पेपर वाटणं चाललं होतं. बाकीच्यांना पेपर जागेवर मिळाले. मला एकट्याला पुढे बोलावलं.

“टाकीच्या गणिताचं सगळ्या वर्गाचं उत्तर एक. याचं वेगळं, आणि कमी. का? याला पाठसुद्धा होत नाही. फुकट सीट मिळाली की कष्ट कोण करतं?”

मग त्यांनी वडील काय करतात ते विचारलं. त्यांना ते माहीत होतं. वर्षाच्या सुरुवातीला स्कॉलरशिपवाल्या आम्हा मागासवर्गीय पोरांना वेगळं उभं करून त्यांनी विचारून घेतलं होतं. तरी मी सांगितलं. कुपवाडला कारखान्यात हेल्पर आहेत.

“मग तिथं टाक्या भर जा. इथं कशाला आलास?”

पहिल्या बाकावर सरांच्या शिकवणीची पोरं बसतात. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, “सर, कोट्यातलं मीठ हाय त्याचं. कमीच भरणार.”

वर्ग हसला. सरही हसले. मी पेपर घेऊन जागेवर गेलो. कान तापले होते.

गणित असं होतं. टाकीत शंभर लिटर स्वच्छ पाणी. वरून मिठाचं पाणी येतंय, खालून तेवढंच पाणी जातंय. वीस मिनिटांनी टाकीत मीठ किती? आत येणारं मीठ मिनिटाला शंभर ग्रॅम. म्हणजे वीस मिनिटांत दोन किलो. त्यातलं काही खालून वाहून गेलेलं. आणि सगळ्या वर्गाचं उत्तर होतं, जवळजवळ साडेतीन किलो.

कुणाच्या नजरेला हे आलं नाही? कसं येणार? आमच्याकडे गणित कुणी सोडवत नाही, ओळखतात. टाकी दिसली की टाइप चार. तापलेलं लोखंड थंड होतंय, टाइप दोन. प्रश्न वाचायचा नाही, आकडे तेवढे उचलायचे. सरांच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, त्यातल्या पायऱ्या घोकायच्या आणि उतरवायच्या, कारण मार्क पायरीला असतात. मीठ काय, पाणी काय, सगळी नुसती अक्षरं. त्या नोट्समध्ये टाइप चारला एक उणे चिन्ह गळलंय. किती वर्षांपासून, कोण जाणे. पोरं येतात, ती चूक पाठ करतात, पास होऊन जातात.

मीही पाठ केली होती. मी काही निराळा नव्हतो. फक्त पेपरात तिसरी पायरी आठवेना. घाम फुटला. दुसरा मार्गच उरला नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी प्रश्न वाचला. टाकी डोळ्यांपुढे आणली. आत काय येतंय, बाहेर काय जातंय ते मांडलं. उत्तर सव्वा किलोच्या आसपास आलं. कॉलेजात येऊन पहिल्यांदा मला एखादं गणित कळलं होतं. त्याचीच शिक्षा मला फळ्याजवळ उभं करून मिळाली.

माझ्या शेजारी सलीम बसतो. तासगावचा. त्याचे अब्बा शिलाईकाम करतात. दुपारी पार्किंगमध्ये त्याला टाकी समजावून सांगायला लागलो, तर त्यानं मला मध्येच थांबवलं.

“मला ठावं हाय गड्या. मागंच दिसलं हुतं.”

“मग बोलला का न्हाईस?”

“बोलून काय करू? बरोबर लिहिलं की मार्क जातोय. तुझं बघितलंस न्हवं?”

मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली. ज्याला कळत होतं, तोच सगळ्यात गप्प होता.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलो. सर एकटेच होते. मी नोट्सचं पान पुढे ठेवलं आणि विचारलं, सर, दोन किलो आत गेलं तर साडेतीन किलो कुठून आलं? त्यांनी पान वाचलं. बोट पायऱ्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. त्या उण्याच्या जागी. त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांना कळलं होतं.

पान मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

“फेरपरीक्षेला हेच गणित देतो. नोट्समधलं उत्तर लिही. पास करतो.”

त्या एका गणिताच्या मार्कांनी मी चाचणीत नापास झालो होतो, आणि चाचणीत नापास झालेल्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष गेलं की स्कॉलरशिप बंद. स्कॉलरशिप बंद म्हणजे कॉलेज बंद. मला हे सगळं ठाऊक होतं. सरांनाही होतं.

घरी वडिलांना, अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, “लिही की रं तेच. आमी काय करतो? सायबानं माप चुकीचं दिलं तरी तसंच कापतो. ठेवून तरी घेत्यात.” आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लय वर्सं झाली. आता सवय झालीया.”

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. पण चिडता आलं नाही. कारखान्यात अण्णांना जे शिकवलं तेच आम्हाला वर्गात शिकवत होते. गणिताच्या नावाखाली. विचारायचं नाही. दिलेलं उतरवायचं. दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. आणि हे एकदा जमलं की हातात पदवी.

फेरपरीक्षेला तेच गणित आलं. मी टाकी काढली, सुरुवातीपासून मांडणी केली, माझं उत्तर लिहिलं. खाली एक वाक्य लिहिलं: जेवढं मीठ आत गेलं त्याहून जास्त मीठ टाकीत असू शकत नाही.

सर येऊन बाकाजवळ थांबले. त्यांनी ते वाक्य वाचलं. हळू आवाजात म्हणाले, “अजून वेळ आहे. खोड.”

“नाही खोडत.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ दे. नाही खोडत.”

वर्ष गेलं. स्कॉलरशिप गेली. प्राचार्यांना अर्ज दिला, उत्तर आलं नाही. विद्यापीठाला लिहिलं, त्यांनी कॉलेजकडे बोट दाखवलं. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी आम्ही दोघं एकाच गाडीवरून कुपवाडला जातो. त्यांचा कारखाना वेगळा, माझा वेगळा. मला रात्री झोप लागत नाही. आपण मूर्खपणा केला असं रोज एकदा तरी वाटतं. हे मी लपवत नाही.

पण एवढ्यावर गप्प बसायचं नाही, हे ठरलंय. मी एक पत्रक काढलंय. एका बाजूला नोट्समधलं टाइप चार, दुसऱ्या बाजूला बरोबर मांडणी. मध्ये मोठ्या अक्षरात: वाचा, मग सोडवा. खाली माझं नाव आणि जुना रोल नंबर. निनावी काढलं असतं तर कारखान्यापर्यंत तक्रार जाऊन नोकरी तरी धोक्यात आली नसती, असं सलीम म्हणाला. त्याच्या हातात गठ्ठा दिला, तो त्यानं परत केला.

कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी कॉलेज चालू असतं, तेव्हा मी कॉलेजच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटतो. बहुतेक पोरं न वाचताच चुरगळतात. वॉचमननं दोनदा हाकललं. परवा स्वतः सर गाडीची काच खाली करून म्हणाले, पोलिसांना बोलावीन.

बोलवा. पुढच्या सुट्टीला मी तिथंच असणार आहे, आणि त्याच्या पुढच्यालाही. फाटकाच्या आतलं सगळं तुमचं असेल. रस्ता तुमच्या मालकीचा नाही.