फुकटच्या टेबलावरची सवय

कापसाचे भाव पडले त्या वर्षी, दिवाळीनंतर, माझ्या मित्राने घर चालवणारी जीप अचलपूरला पोकरमध्ये घालवली. धारणीच्या सवारी फेऱ्या थंडावल्यावर तो अकोटच्या इंटरनेट कॅफेत माझ्या शेजारी बसून पोकरच्या फुकटच्या सराव स्पर्धा खेळायचा. तिथे पैशांऐवजी लावायच्या चिप्स खोट्या असल्याने लोक हाती चांगले पत्ते नसतानाही सगळ्या चिप्स लावायचे आणि हा साध्या जोडीवर जिंकायचा. “सारे फेकून राहिले, भाऊ,” त्यांच्या या थापांना तो हसायचा. अचलपूरला खऱ्या पैशांच्या डावात समोरच्या व्यापाऱ्याने बराच वेळ पत्ते टाकून दिले, मग एकदाच सगळे पैसे लावले. मी म्हणालो, “सोड.” “काहून? हा बी फेकून राहिला,” म्हणत त्याने किल्ली पुढे सरकवली. व्यापाऱ्याने तीन एक्के दाखवले. सकाळी थांब्यावर त्या जीपमध्ये दुसराच माणूस सवाऱ्या भरत होता. आम्ही अकोटची एसटी धरली.