वडिलांचा क्लिक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात सरांनी फक्त क्लिक करायला शिकवलं. हा इंग्रजी शब्द मला आधी फोटो स्टुडिओतून माहीत होता. तिथला मालक "हलू नका, एक क्लिक मारतो" म्हणायचा. शब्दकोशात पाहिलं, तर जिभेचा आवाज हाही त्याचा अर्थ निघाला. घरी येऊन वडिलांना हे मोठ्या विद्वत्तेनं सांगितलं. ते शेरडं बांधत होते. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' केलं.

"ह्येच का? आन् ह्याला बारामतीला जावं लागतंय व्हय?"

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, मग ऊस आला. वडिलांनी हौसेनं शेरडं ठेवली आणि मेंढरांशी बोलायची ती जुनी भाषाही. लांबलचक च्यक्-च्यक्-च्यक् म्हणजे या. एकच, तुटक म्हणजे नाही. त्यावर अपील नसे. हळू, ओलं म्हणजे कुणीतरी गेलं, किंवा चहात साखर कमी. आईला सगळं कळायचं. मला शब्दकोश लागायचा.

पुढं वडील गेले. दहाव्याला गावी, डाळजला, आमच्या रानाखाली पाण्याकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले. कावळा शिवेना म्हणजे वडिलांची काही इच्छा राहिली, म्हणून आई कासावीस. बाकीच्यांना भूक लागलेली. मग वचनं सुरू झाली.

"दाजी, पोराचं लगीन लावतो!" मामा ओरडले. माझ्या लग्नात वडिलांना कधी रस नव्हता. कावळ्यांनाही नसावा.

शेवटी चुलते पुढं झाले. "दादा, तुमच्या रानात कोरत आणलेला बांध माघारी सरकवतो. या आता!"

एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथंच थांबला.

"त्यांना भाषणं कुठं कळत्यात?" आई म्हणाली, आणि तिनं थेट वडिलांसारखं लांबलचक च्यक्-च्यक् केलं. कावळे भुर्रकन उडाले. रानातून वडिलांची लाडकी शेरडी धावत आली आणि कुणी हुसकायच्या आत पिंड फस्त करून मिशा चाटत उभी राहिली.

भटजी शास्त्र आठवत राहिले.

"तिलाच घालायचं हुतं त्यांच्या मनात," आई म्हणाली. "उठा, जेवाय चला."

वाटेत चुलत्यांनी तिला गाठलं. "वैनी, कावळा काय शिवला न्हाय. म्हंजे त्ये बांधाचं मी बोललो..."

"च्यक्."

एकच, तुटक. चुलते पत्रावळीवर जाऊन बसले.