वर्षाच्या प्रार्थनेला कोणाला बोलवायचं

माझे यजमान गेले, तरी धुळ्याच्या घरात त्यांचा आवाज राहिला. कपाट उघडताना, दूध तापवताना ते काय म्हणाले असते, ते मला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. मी शाळेत ग्रंथपाल होते. वाचलेलं लक्षात ठेवायची सवय होती, तशीच त्यांची वाक्यंही लक्षात राहिली होती.

ते आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच होते. घरातलं काही ठरवायचं असलं की ते एकटेच आतल्या खोलीत प्रार्थना करत आणि बाहेर येऊन सांगत, "प्रभूची इच्छा अशी दिसते." मी ते मानत आले. बहुतेक वेळा ते बरोबरही निघालं. त्यामुळे देवाची वाणी स्वतः ओळखायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

ती आली ते गेल्याला वर्ष झालं, त्या पहिल्या स्मरणप्रार्थनेच्या वेळी. माझे धाकटे दीर पाचोऱ्याला असतात. ते तिकडच्या एका नव्या मंडळीत गेले आणि मोठेपणी गिरणेच्या पाण्यात त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. "लहानपणी बाबांनी दिलेला बाप्तिस्मा त्याला पुरला नाही," एवढं बोलून यजमानांनी भावाशी संबंध तोडला, तो शेवटपर्यंत. यजमानांच्या मातीच्या दिवशी दीर कब्रस्तानच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच परत गेले.

प्रार्थनेला पंधरवडा उरला असताना, भांडी घासताना मनात आलं, दिरांना जाऊन बोलव. लगेच यजमानांचा आवाज आला. त्याच्याकडे कारणं होती: मंडळी काय म्हणेल, त्याने आधी माफी मागायला हवी, आता कशाला. सगळी कारणं मला पटण्यासारखी होती. पहिल्या सूचनेकडे एकही कारण नव्हतं. ती वाद घालत नव्हती आणि जातही नव्हती.

यजमानांचा आवाज हीच देवाची वाणी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता दोन्ही एकमेकांविरुद्ध बोलत होते. तेव्हा मी वचनांची पेटी काढली. आमच्यात बऱ्याच घरांत अशी पेटी असते. तिच्यात कागदाच्या छोट्या सुरळ्या, प्रत्येकीवर एक वचन. सकाळी एक उचलायची. मी उचलली, तर सांत्वनाचं वचन आलं. परत ठेवून दुसरी उचलली. त्यात रक्षणाचं होतं. तिसरीत शांतीचं.

पिंपळनेरहून माझ्या मोठ्या नणंद, अक्का, राहायला आल्या होत्या. खाटेवर बसून त्या बघत होत्या.

"काय शोधी राहिनी?"

"जावं की नाही, ते," मी म्हणाले.

"त्या पेटीमा बठ्ठा आशीर्वादच शेतस. काम सांगणारं एक बी नही." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, "दोन्ही माझेच भाऊ. मला विचारू नको. मी तर जाच म्हणेन."

पेटीत सगळे आशीर्वादच होते, हे खरं होतं. ती मी बंद केली. अक्कांचं म्हणणं त्यांच्या मायेचं होतं, हे कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी निघाले. खात्री झाली म्हणून नाही. न जाण्याची कारणं माझ्या सोयीची होती आणि जाण्यात मला स्वतःला काहीच मिळणार नव्हतं, एवढंच दिसलं म्हणून.

चाळीसगावला गाडी बदलून दुपारी पाचोऱ्याला पोचले. दिरांनी दार उघडलं. पाणी दिलं. बराच वेळ आम्ही कापसाबद्दल आणि माझ्या गुडघ्याबद्दल बोललो. मग मी प्रार्थनेचं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "वहिनी, जाताना दादा काही म्हणाला होता का? मला बोलवा म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांचा चेहरा बघून म्हणावंसंही वाटलं. त्याच क्षणी ती पहिली सूचना होती तशीच शांत होती, आणि तिच्यात खोटं बसत नव्हतं.

"नाही, भाऊजी. ते काही म्हणाले नाहीत."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलला. "मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला वाटतं, प्रभूनं. माझी चूकही असेल."

ते एकदम हसले. "आमच्या मंडळीत या की तुम्ही. तिथं सगळ्यांना पक्की खात्री असते. चूक असेल म्हणणारं एकही माणूस नाही." हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. "आलो तर मला प्रार्थना करू देतील का?"

ते ठरवणं पंचांच्या हातात होतं. आमच्या घरातले पंच आता नव्हते. यजमानांचा आवाज काहीतरी म्हणाला असावा. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"देतील," मी म्हणाले. "पाळकांशी मी बोलते."

ते आले. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे मोठ्यानं आणि लांब प्रार्थना केली, इतकी की मागच्या बाकांवर खोकण्याचे आवाज सुरू झाले. मध्येच ते "दादा" म्हणाले आणि थांबले. अक्का पुढच्या बाकावरून उठल्या, त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि "आमेन" म्हणाल्या. मग आम्ही सगळेच म्हणालो.