माझे लांब हात आणि मिनूचा बैल

व्यायामशाळेत मी सगळ्यात उंच होतो आणि सगळ्यात कमी वजन उचलत होतो. उंची सहा फूट दोन इंच, हात गुडघ्यापर्यंत पोचायला जेमतेम चार बोटं कमी! आणि शेजारी पाच फूट दोन इंचांचा माझा साळा प्रमोद माझ्या दुप्पट वजन छातीवरून वरखाली करत होता. (तो अल्लीपूरला वांगी-टमाटर पिकवतो. व्यायामशाळेत नुसता बघायला आला होता!)

शेवटी तिथल्या मास्तरांना माझी दया आली. "सर, तुमचे हात लांब हायेत. बार त्याईच्यापेक्षा जास्त वर न्या लागते तुमाले. अन् वजन आंगापासून जितकं दूर, तितकं ते जड पडते."

मला स्वर्ग दोन बोटं उरला! म्हणजे माझ्यात जोर नाही असं नव्हतंच, शास्त्रच माझ्या विरोधात होतं. त्या दिवसापासून सिंदी मेघेतल्या आमच्या घरात गॅसचं सिलिंडर असो की गव्हाचा पन्नास किलोंचा कट्टा, मी नुसते हात पसरून दाखवायचो. बायको एकदा म्हणालीच, "अन् जेवताना काऊन नाई नडत हे हात तुमाले?"

मग आला तान्हा पोळा. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांच्या लाकडी बैलांचा पोळा भरतो, सजावटीला बक्षिसं असतात.) आमची आठ वर्षांची मिनू महिनाभर आपला सागवानी बैल सजवत होती. गेल्या वर्षी बक्षीस हुकलं तेव्हा तिनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. यंदा बक्षीस हवंच होतं. निघायच्या जरा आधी तिनं बैलाला सोनेरी रंगाचा शेवटचा हात मारला, आणि मी नवा पांढरा कुर्ता चढवला.

बैलाच्या पाटाला चाकं होती, पण मैदानाच्या अलीकडे रस्ताभर चिखल! बैल उचलूनच न्यावा लागणार होता. सणाला आलेला प्रमोद पुढे झाला.

"द्या इकडे, भाऊजी."

"सरक! बाप मी हाय तिचा."

मी पाट दोन्ही हातांनी धरला आणि ओला रंग कुर्त्याला लागू नये म्हणून हात सरळ पुढे ताणले. दहा पावलं झक्कास गेलो. अकराव्याला दंड थरथरायला लागले.

"भाऊजी, पोटाशी धरा न त्याले!"

"अरे, कुर्ता!"

"कुर्ता धुता येते हो!"

"बाबा, बैल खाली पाहून राह्यला!" मिनू किंचाळली.

खरंच बैलानं मान खाली घातली होती. तेव्हाच हात आखडले असते तर निभावलं असतं. पण नेमकी त्याच क्षणी मला साळ्याला शास्त्र शिकवायची हुक्की आली!

"हे पाह्य प्रमोद, वजन आंगापासून जितकं दूर..."

पुढचं वाक्य चिखलात गेलं. बैल तोंडावर आणि मी बैलावर! उठून बघतो तर बैलाचा सगळा सोनेरी रंग माझ्या कुर्त्यावर आणि रस्त्याचा सगळा चिखल बैलावर.

मिनूच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रमोदनं बैल उचलला, छातीशी कवटाळला आणि तुरुतुरु चिखल पार केला.

मैदानात परीक्षक आजोबांनी चष्मा सरसावून बैल निरखला. "काऊन व पोरी, सणाच्या दिवशी बैलाले चिखलात कोणं जुपलं?"

मिनूनं हुंदका गिळला आणि माझ्याकडे बोट केलं. "बाबानं!"

सोन्यानं मढलेला मी! सगळं मैदान पोट धरून हसलं. आजोबांनीही हसत हसत तिला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन टाकलं, स्टीलचा एक डबा. मिनूची कळी खुलली.

परतताना पुन्हा तोच चिखल आला. मी बाह्या सरसावल्या. मिनूनं बैल मामाकडे दिला आणि माझ्या हातात तो रिकामा डबा ठेवला.

"बाबा, तुमी फक्त हे न्या," ती म्हणाली. "अन् पोटाशी धरजा!"