पंखाखालची जागा

ऐंशीच्या सुमारास मी एका जुन्या लढाऊ विमानावर पुस्तिका लिहीत होतो. वाशीहून बस बदलत मुंबईच्या वाचनालयात खेटे घालून जीव मेटाकुटीला आला होता. तीन पुस्तकांत पंखांची लांबी तीन तऱ्हेची! एकानंही टेप लावायची तसदी घेतली नव्हती. शेवटी वैतागून सोसायटीतल्या काकांना गाठलं. ते हवाई दलात त्याच विमानांचे मेकॅनिक होते.

"काका, पंख नक्की किती लांब हो?"

"फुटांत नाही सांगता येणार. दुपारी एका पंखाच्या सावलीत आम्ही पाच जण डबा खायचो."

हे पुस्तिकेत काय लिहिणार? मी कंटाळून वही मिटली.

"लढाईनंतर चौघंच उरलो," काका म्हणाले. "पण बसायचो पाचव्याची जागा सोडूनच."