चहाचे पैसे कुणी द्यायचे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आकारामला जगातली सगळी लबाडी तोंडपाठ होती. पेठेतलं कुणी पुण्या-मुंबईला निघालं की हा त्याला कट्ट्यावर बसवून शिकवणी घ्यायचा. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं नाही, पिशवी मांडीवरून हलवायची नाही. फसून परत आलेल्यांना तर तो महिनाभर फाडून खायचा. स्वतः मात्र मिरजेपलीकडे क्वचितच गेला होता.

त्याची थोरली बहीण आक्का नातीच्या, म्हणजे अनुजाच्या, लग्नासाठी आधीच पुण्याला गेली होती. नवऱ्यामागं तिनं म्हशी विकल्या, पण गळ्यातला सोन्याचा साज मोडला नव्हता. अनुजा तो घालूनच बोहल्यावर उभी राहणार होती. गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, गाठवायला दिलेला हा साज आणायचं काम आकारामनं हौसेनं ओढून घेतलं. फडक्यात बांधून कमरेला लाव, असं आक्कानं फोनवर बजावलं. बाईमाणसानं आपल्याला अक्कल शिकवावी, याचं त्याला हसू आलं. साज त्यानं पिशवीत चटणीच्या डब्याखाली टाकला.

पुण्याच्या स्टँडवर एकानं स्वस्त मोबाइल दाखवला, दुसरा लॉज सुचवू लागला. आकारामनं दोघांनाही झिडकारलं. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "पावणं, कोल्हापूरचं न्हवं काय तुमी?"

झालं. शिकवणी तिथंच संपली. तो माणूस म्हणे चंदगडचा, सोबत मेहुणा. तिघांनी बाकावरच चहा घेतला. शहरातले लोक कसे फसवतात हे आकारामनं त्यांना सविस्तर सांगितलं आणि ते बिचारे माना डोलावत राहिले. चहा संपल्यावर चंदगडकर पैसे द्यायला उठला. आपल्यासमोर दुसऱ्यानं पैसे द्यायचे? आकाराम पिशवी बाकावर टाकून गल्ल्याकडे धावला. मनगट धरलं, शपथ घातली, त्याची नोट त्याच्याच खिशात कोंबली. चंदगडकर हरला, पाठीवर थाप मारून हात धुवायला गेला. आकाराम छाती फुगवून वळला, तर बाकावर मेहुणाही नव्हता आणि पिशवीही नव्हती.

लग्नघरी त्यानं वेगळीच कथा सांगितली. मोठी टोळी होती, जबरदस्तीनं चहा पाजला, चहात गुंगीचं औषध होतं. अनुजा रिकाम्या गळ्यानं ऐकत होती. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चहाचं पैसं कुनी दिलं?"

"मीच की. त्यास्नी कुठला देऊ देतोय!" आकाराम ताठ्यात बोलून गेला.

 आक्कानं आपल्या गळ्यातली बारकी बोरमाळ काढली आणि अनुजाच्या गळ्यात घातली.